पिशवी काढायला गेले आणि पिशवी घेऊन आले

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातली, वय ४३. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करते. दोन वर्षं जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. मागच्या महिन्यात शहरातल्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करून पिशवी काढली. ‘तिसऱ्या दिवशी घरी, पंधराव्या दिवशी मशीनवर’ असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी पोट ढोलासारखं फुगलं, उजव्या खांद्यापर्यंत दुखायला लागलं. गॅस आहे, चाला म्हणाले. तिसऱ्या दिवशी तसंच घरी सोडलं. सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. मग पुण्याला नेलं. पोटात नळी घातली तर पहिल्याच दिवशी दीड लिटर हिरवं पाणी निघालं. एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) काढला. मुख्य पित्तनळी कापली गेली आहे असं सांगितलं, कागदावर ‘ई-२’ लिहिलंय. आता ताप नाही, पण नळी तशीच आहे, कमरेला पिशवी आहे, रोज चारशे-पाचशे मिली पित्त त्यात येतं. पिशवी काढायला गेले आणि पिशवी घेऊन आले! पुण्याचे डॉक्टर म्हणतात घरी जा, दोन-तीन महिन्यांनी मोठं ऑपरेशन करू. माझे मिस्टर म्हणतात, हे टाळतायत. पहिले डॉक्टर फोन करून सांगतायत की परत माझ्याकडे या, या आठवड्यात फुकट दुरुस्त करून देतो. दीर पोलिसात जाऊ म्हणतात. सासूबाई कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ म्हणतात, उपासही धरायला सांगतात. पुण्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंचीही नळी गळत होती, त्यांना तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकला आणि चार दिवसांत घरी सोडलं, मग मलाच का नाही? माझ्या धाकट्या बहिणीलाही खडे आहेत, ती आता घाबरलीय. मी बरी होईन का? मशीनवर कधी बसू?

– बार्शीकडची एक वाचक

ताई,

पत्र दोनदा वाचलं. ते पिशवीचं वाक्य तुम्ही हसत लिहिलंय की रडत, ते कळेना. बहुधा दोन्ही असावं.

ज्याची घाई आहे ते आधी सांगते. पुण्याच्या डॉक्टरांचं ऐका आणि थांबा. पहिल्या डॉक्टरांचा फोन आला तर ‘तुम्ही विचारलंत, बरं वाटलं, पण आता पुढचं पुण्यालाच करणार’ एवढंच सांगा. या आठवड्यात कुणीही, कितीही फुकट, तुमच्या पोटाला हात लावायचा नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगायला थोडं पोटात शिरावं लागेल.

मराठीत आपण पित्ताला फार बदनाम केलंय. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं दुखलं की पित्त. तुमच्या पिशवीत जे येतंय ते खरं पित्त: यकृतात रोज पाऊण ते एक लिटर तयार होणारा, जेवणातलं तेल-तूप पचवणारा रस. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून दोन ओढे निघतात, ते एकत्र होऊन मुख्य नळी बनते आणि खाली आतड्यात जाते. वाटेत तिच्या अंगाला एक शेततळं आहे, ते म्हणजे पित्ताशय. ओढ्यातून शेततळ्यात जाणारी एक छोटी चारी असते. पाणी तिथं साठतं, जेवण आलं की परत ओढ्यात येतं. शेततळ्यात खडे झाले म्हणून ते काढायचं ठरलं, तर डॉक्टरांनी फक्त चारी बंद करून कापायची असते. ओढ्याला धक्का लागता कामा नये. तुमच्या बाबतीत चारी समजून ओढाच कापला गेला. खालचं टोक चिमट्यानं बंद झालं, वरचं उघडं राहिलं आणि पित्त पोटात सांडत राहिलं. तुमचं पोट फुगलं ते गॅसनं नव्हे. आणि उजवा खांदा दुखला तो खांद्यात काही झालं म्हणून नाही. यकृताच्या वरच्या पडद्याला पित्त झोंबलं की ते दुखणं खांद्यात जाणवतं.

इतकी मोठी चूक होते कशी, असं तुमच्या मिस्टरांना वाटत असेल. मुख्य नळी म्हणजे पाच-सहा मिलिमीटरची, चारी त्याहून बारीक. दोन्ही चरबीत दडलेल्या. वारंवार कळा येऊन गेल्या असतील तर तिथलं सगळं सुजून एकमेकाला चिकटलेलं. त्यात ऑपरेशनमध्ये पिशवी वर ओढून धरतात, मग चारी आणि मुख्य नळी एका रेषेत येतात आणि टीव्हीच्या पडद्यावर एकच नळी सरळ पिशवीत जाताना दिसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या शल्यचिकित्सकांनी २००३ साली अशा २५२ इजा बारकाईनं तपासल्या. त्यातल्या ९७ टक्के हाताच्या अनाडीपणानं झाल्या नव्हत्या, डोळ्यांना झालेल्या भासातून झाल्या होत्या. कापणाऱ्याला त्या क्षणी खात्री असते की आपण बरोबर नळी कापतोय, आणि म्हणूनच तो थांबत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. स्टीव्हन स्ट्रासबर्ग या अमेरिकन शल्यचिकित्सकानं १९९५ साली एक शिस्त सांगितली, ती आता जगभर शिकवली जाते: चारी, मुख्य नळी आणि यकृत यांच्यामधला त्रिकोण चरबी-जाळीतून पूर्ण मोकळा करा, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पिशवीत जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी, चारी आणि एक रक्तवाहिनी, स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापू नका. दिसत नसेल तर पोट उघडा, किंवा पिशवीचा तळाचा भाग तिथंच सोडून वरची काढून बाहेर या. तुमच्या कागदावरचं ‘ई’ हे अक्षरही त्याच माणसाच्या वर्गवारीतलं. ‘ए’ म्हणजे किरकोळ गळती, ‘ई’ म्हणजे मुख्य नळीची इजा. ‘ई-२’ म्हणजे दोन ओढे जिथं मिळतात त्याच्या खाली मुख्य नळीचा दोन सेंटिमीटरपेक्षा कमी तुकडा शिल्लक आहे. ऐकायला भयंकर वाटतं. पण दोन्ही ओढ्यांचा संगम शाबूत आहे, ही तुमच्या कागदावरची चांगली बातमी आहे. संगमच तुटला असता तर जोडणी कितीतरी अवघड झाली असती.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं कोडंही इथंच सुटतं. त्यांची मुख्य नळी अखंड असणार आणि चारीच्या कापलेल्या टोकातून गळत असणार. अशा वेळी तोंडातून दुर्बीण घालून मुख्य नळीत स्टेंट टाकला की पित्ताला खाली जायला सोपी वाट मिळते आणि गळती आपोआप बुजते. तुमचा ओढाच मधून तुटलाय. स्टेंट टाकायला खालून वरपर्यंत सलग वाट लागते, ती तुमच्याकडे नाही. (त्या बाईंचा पत्ता-फोन असेल तर माझा एक निरोप द्या. तो स्टेंट काही आठवड्यांनी काढायचा असतो. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो. तारीख आजच कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची. बरं वाटतंय म्हणून पोटात स्टेंट विसरलेले आणि दोन वर्षांनी तापानं फणफणून आलेले किती लोक मी पाहिलेत, मोजदाद नाही.)

आता थांबण्याचं. तुम्हाला जे ऑपरेशन लागणार आहे त्यात तुटलेली नळी नळीला जोडत नाहीत. लहान आतड्याची एक फांदी वर नेऊन यकृतातून येणाऱ्या नळीला थेट शिवतात. सेझार रू नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाच्या नावानं ती रचना ओळखली जाते. शिलाईचं तुम्हाला मी काय सांगणार? पण कल्पना करा: भिजून लिबलिबीत झालेला, तीनच मिलिमीटरचा, जागोजागी विरलेला काठ, आणि त्यावर टाका घालायचा. आठवडाभर पित्तात आणि पुवात भिजलेल्या पोटात नळी अशीच असते. टाका धरत नाही, धरला तरी आक्रसतो. सहा ते बारा आठवड्यांत सूज उतरते, जंतू जातात, काठ घट्ट होतो, तुम्ही जेवून-खाऊन सावरता. मग तोच टाका टिकतो. इजा ऑपरेशनच्या टेबलावरच किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत कळली, पोटात जंतू नसले आणि या कामातला तज्ज्ञ हाताशी असला, तर लगेच जोडतात आणि ते बरोबरच असतं. तुमची ती वेळ ‘गॅस आहे’ म्हणण्यात गेली. त्यामुळे मिस्टरांना सांगा, पुण्याचे लोक टाळत नाहीयेत. नळी घालून घरी पाठवणं हा उपचाराचाच भाग आहे. पोटात सांडणारं पित्त बाहेर काढलं, तिथंच अर्धी लढाई झाली.

आणि पहिल्या डॉक्टरांकडे का नाही? इथं मला माझंच एक सांगावं लागेल. १९९६ साली मी एका जिल्ह्याच्या गावी काम करत होते. डॉ. तेहमटन उदवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातलं असं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं ते १९९० साली. आम्ही सगळे त्यानंतर घाईघाईनं शिकलेले. एका शाळेतल्या बाईंची मुख्य नळी माझ्या हातून कापली गेली. टेबलावरच कळलं. त्या वेळी करायची गोष्ट एकच होती: पोटात एक नळी ठेवायची, नातेवाइकांना खरं सांगायचं आणि सोबत जाऊन मुंबईला पोचवायचं. मी नातेवाइकांना सांगितलं, पण मुंबईला पाठवलं नाही. मीच शिवलं. आपल्या हातून झालं ते आपणच निस्तरावं, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं कारण लाज होतं. आठ महिन्यांनी ती जागा आक्रसली, बाईंना कावीळ झाली, आणि मग मुंबईला जे ऑपरेशन झालं ते आधी झालं असतं त्यापेक्षा दुप्पट अवघड झालं. बाईंनी मला कधी बोल लावला नाही. त्यांच्या भावानं लावला, आणि तो बरोबर होता.

माझ्यासारखे मग जगभर निघाले. १९९५ सालीच अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. ज्यांच्या हातून इजा झाली त्यांनीच केलेल्या दुरुस्त्यांपैकी जेमतेम १७ टक्के टिकल्या होत्या, आणि या कामाचा सराव असलेल्या केंद्रांतल्या ९४ टक्के. मी तो वाचला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून तुमच्या त्या डॉक्टरांना मी खलनायक म्हणणार नाही. फुकट करून देतो म्हणण्यामागे माणुसकी असेल, भीती असेल, बहुतेक दोन्ही असेल. पण ताई, पहिली जोडणी हीच सगळ्यात चांगली संधी असते. दर वेळी ती फसते तेव्हा नळी आणखी आखूड होते आणि पुढच्याला शिवायला काठ कमी उरतो. ब्लाउजचं कापड एकदा चुकीचं कापलं की काय होतं ते तुम्ही जाणता. इथं तर नवीन मीटर आणायची सोय नाही.

मोठ्या ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. पुण्यात तुम्ही ज्यांच्याकडे आहात ते सर्जिकल गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीचे, म्हणजे यकृत-पित्तनळीच्या शस्त्रक्रियेचे आहेत ना? वर्षाला अशा किती जोडण्या करतात? उजव्या बाजूच्या यकृताच्या रक्तवाहिनीलाही इजा झाली आहे का ते सीटी स्कॅनवर पाहिलंय का? (ती नळीच्या अगदी पाठीमागून जाते आणि पुष्कळदा सोबत सापडते.) तिथं मन भरलं नाही किंवा खर्च झेपेना, तर मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. पहिल्या ऑपरेशनला गळ्यातलं मोडलंत की काय, कोण जाणे. दुसऱ्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो बसतो. हे ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात योजनेतून होईल, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

हे दोन-तीन महिने घरी कसे काढायचे, ते आता नीट ऐका, कारण डिस्चार्ज कार्डावर ते एका ओळीत असतं.

नळी हा सध्या तुमचा जीव आहे. कमरेच्या वर पोटाला चिकटपट्टीनं पक्की करून ठेवा आणि पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली असू द्या. झोपेत कुशीवर वळताना ओढली जाणार नाही अशी जागा शोधा. परकराच्या नाडीला पिशवी बांधणाऱ्या बायका मी पाहिल्यात, तेवढं करू नका. त्यापेक्षा तुमच्याच मशीनवर खांद्यात अडकवायची कापडी थैली शिवा, पट्टा रुंद ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी पिशवी रिकामी करून किती मिली आणि कसला रंग, ते वहीत लिहा. सोनेरी, पिवळं, हिरवं, सगळं चालतं. रक्ताळलेलं, गढूळ किंवा घाण वासाचं चालत नाही. येणारं पित्त एकदम थांबलं आणि पोट दुखू लागलं तर ‘बुजलं वाटतं’ म्हणून खूश होऊ नका. नळी तुंबली असेल. थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे, नळी बाहेर सरकलेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पुणं. दुसऱ्या दिवसाची एसटी नको.

पित्तासोबत पाणी आणि क्षार रोज बाहेर जातायत. म्हणून ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी, लिंबू सरबत, ताक असं दिवसभर पीत राहा. एका दिवसात लिटरच्या आसपास जाऊ लागलं, लघवी कमी झाली, उभं राहताना चक्कर आली तर डॉक्टरांना फोन करा. आतड्यात पित्त पोचत नाही म्हणून शौचाला पांढुरकं होईल, तेलकट पचणार नाही. त्याचं भय नको, पण जीवनसत्त्व ‘के’ शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि लागलं तर इंजेक्शन असतं, ते चुकवू नका. काही ठिकाणी पिशवीतलं पित्त परत पोटात द्यायची पद्धत आहे. डॉक्टरांनी सांगितलं तरच. आपल्या मनानं नाही.

आणि सासूबाईंना म्हणावं, उपास मी करीन, तुमच्या सुनेनं नाही. ऑपरेशनआधी तिच्या अंगात मांस हवं. साबुदाणा आणि वरीचे तांदूळ यांनी टाके भरत नाहीत. हुलग्याचं माडगं, मुगाचं वरण, मटकीची उसळ, अंडी चालत असतील तर रोज दोन, भाकरी, दही. तेलाची फोडणी हलकी. कावीळ उतरवणाऱ्याकडे चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं, माणसाचं समाधान होतं, रक्तातली कावीळ जिथल्या तिथं राहते. काही जण नाकात थेंब घालतात, पोटात पाला देतात. तुमच्या यकृतावर आधीच ताण आहे, त्यात कुठल्या पाल्याची भर नको. सासूबाई काळजीनं म्हणतायत हे मला कळतं. त्यांना दुसरं काम द्या: पिशवीची वही त्यांच्याकडे सोपवा.

दिरांचं पित्त खवळलंय आणि त्याला कारणही आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. नळी कापली जाणं हे या ऑपरेशनचं माहीत असलेलं संकट आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारात तीन ते पाच जणांच्या वाट्याला येतं, चांगल्या हातांकडूनही. तेवढ्यावरून कुणी निष्काळजी ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, खांदा दुखतोय, पेशंट उठत नाही, तरी साधी सोनोग्राफी आणि रक्त न तपासता घरी सोडणं, याबद्दल मात्र प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पिशवी काढलेला माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसायला हवा. दिसत नसेल तर कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही, हे मी माझ्या निवासी डॉक्टरांना पाठ करून घ्यायला लावायचे.

म्हणून आत्ता फक्त कागद गोळा करा. पहिल्या दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर नियमानं बंधनकारक आहे. केस पेपर, ऑपरेशनची टिपणं, संमतिपत्र, डिस्चार्ज कार्ड, चित्रीकरण केलं असेल तर तेही. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा अहवाल विशेष करून मागा. त्यात मुख्य नळीचा तुकडा आला होता का ते कळतं, आणि पिशवीत खड्यांशिवाय दुसरं काही वाईट नव्हतं ना हेही. पुण्याच्या डॉक्टरांनाही ऑपरेशनआधी हे कागद लागतीलच. ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा ऑपरेशन होऊन बरं वाटल्यावर वकील गाठला तरी चालतं. पोलिसांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य असायला हवा आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत हवं. आणि दिरांना एवढं सांगा की दवाखान्याची काच फुटली तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी रक्त द्यायला ते बाहेर हवेत.

बहिणीचं. खडे आहेत पण कधी कळ आली नाही, तर बहुतेकांना ऑपरेशनची गरजच नसते, नुसतं लक्ष ठेवायचं. कळा येत असतील तर मात्र तुमच्याकडे बघून टाळू नये. अडकलेला खडा स्वादुपिंडाला सूज आणतो, ते फार वाईट दुखणं आहे. तिनं डॉक्टरांना एकच विचारावं: आत नीट दिसलं नाही तर तुम्ही काय करता? ‘पोट उघडतो’ किंवा ‘अर्धी पिशवी काढून थांबतो’ असं उत्तर आलं तर तिथं झोपायला हरकत नाही. ‘माझं कधी उघडावं लागलं नाही’ असं छाती फुगवून सांगणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन.

तुम्ही बऱ्या व्हाल का? सराव असलेल्या केंद्रात वेळेवर जोडणी झाली तर बहुतेक लोक बरे होतात आणि बरे राहतात. अँथनी ईडन हे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री. १९५३ च्या एप्रिलमध्ये लंडनला पिशवी काढताना त्यांची हीच नळी दुखावली. लंडनमध्ये दुसऱ्यांदा पोट उघडून भागलं नाही, तेव्हा जूनमध्ये ते बॉस्टनला रिचर्ड कॅटेल या शल्यचिकित्सकाकडे गेले, कारण त्या नळीच्या कामात त्या काळी कॅटेल यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. देशातला मोठा मंत्री, घराजवळ नामांकित डॉक्टर, तरी समुद्र ओलांडून गेला. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. पुढे त्रास मुळीच झाला नाही असं नाही. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या संघर्षाच्या धामधुमीत तापानं आडवे झाले, पुढच्या वर्षी पुन्हा बॉस्टनला ऑपरेशन झालं. ७९ वर्षं जगले. आणि ती सत्तर वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया, तेव्हा ना एमआरसीपी होता ना सुईनं नळी घालायची सोय.

ईडन यांची गोष्ट मी अर्धी गोड करून सांगितली नाही, ती यासाठी की जोडणीनंतर जागा आक्रसण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी लिव्हरची रक्ततपासणी, नंतर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, कायमची. त्या तपासणीतलं अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एक माप डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी वाढायला लागतं. तापाची हुडहुडी आली की ‘व्हायरल असेल’ म्हणून गावातून गोळी घेऊन बसायचं नाही. पाच वर्षांनी गेलात तरी नव्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगायचं की माझी पित्तनळी आतड्याला जोडलेली आहे.

मशीनचं राहिलं. आत्ता नळी असताना पायमशीन नको. पायाच्या प्रत्येक हेलकाव्यानं पोट ओढलं जातं. मोटर बसवलेली असेल तर दिवसातून अर्धा-पाऊण तास, नळीची बाजू मोकळी ठेवून, डॉक्टरांना विचारून. मोठं ऑपरेशन झाल्यावर सहा ते आठ आठवडे मशीनही नाही आणि कापडाचे गठ्ठे उचलणंही नाही. तोवर हुक-काजं आणि फॉलचं हातकाम करा. आणि थैली शिवाल तेव्हा बाहेरच्या बाजूला एक खिसा ठेवा, वही आणि डॉक्टरांचा नंबर त्यात राहील.

– तुमची डॉक्टर